मनोरा तोच, शहर निराळें

इ. स. २००९ सालीं आमच्या नातवानें ‘असॅसिन्स क्रीड’ ह्या खेळाचा दुसरा भाग पडद्यावर लाविला, तेव्हां आम्हीही शेजारीं खुर्ची ओढून बसलों. जें व्हेनिस नि फ्लॉरेन्स आम्हीं वर्गांत नकाशावर काठीनें दाखविलें, त्यांच्या छपरांवरून तो धांवत होता!

पुढें हा खेळ दरसाल येऊं लागला. २०१४ सालचें पॅरिस तर इतकें सदोष निघालें कीं, कर्त्या ‘यूबीसॉफ्ट’ मंडळींस क्षमा मागावी लागली. २०१६ सालीं मोठा भाग निघालाच नाहीं. त्या विसाव्यानंतर, २०१७ सालीं आलेला मिसर देश ताजा वाटला. परंतु मागून आलेलीं ग्रीस व इंग्लंड इतकीं अफाट कीं, नातू अर्ध्यावरच उठला. देश बदलतो, काम तेंच: मनोर्‍यावर चढा, नकाशा उघडा, लपतछपत एकास मारा, पेटी लुटा.

तेंच तें असतें म्हणून खेळ शिळा होतो, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. कीर्तनांत पूर्वरंग-उत्तररंग ठरलेलेच. आख्यान लांबलें म्हणजे श्रोते उठतात. २०२३ सालचें आटोपशीर बगदाद नातवानें शेवटास नेलें. २०२५ सालीं जपान आलें, आणि पुनः तोच पसारा!

आमच्या मतें मिसरच्या भागास २०१८ सालीं जोडलेली, मारामारी वगळलेली सहल सर्वांत सरस. अलेक्झांड्रियांत हिंडावें, थांबावें, माहिती ऐकावी. “आजोबा, ह्यांत खेळ कुठें आहे?” असें नातू म्हणे. परवां मात्र तीच लावून तो आमची वाट पाहत बसला होता.