बंद पडलेली जीप आणि कारागिराची मजुरी

आमच्या पाथर्डी तालुक्यात शेताच्या बांधावर, वाड्याच्या मागे किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी जीप अजूनही दृष्टीस पडते. एके काळी बाजारच्या दिवशी कापडाचे गठ्ठे आणि माणसे वाहणारी ही गाडी आज कोंबड्यांचा आसरा झालेली असते. अलीकडे अशा गाड्यांना शहरातील शौकीन गिऱ्हाईक मिळू लागले आहे. त्यामुळे मिस्त्री, वेल्डर, लेथवाला, पेंटर आणि कुशनवाला अशा अनेक हातांना काम मिळते. मात्र काम मिळाले म्हणजे मजुरी हाती पडलीच असे नाही. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

या गाडीचा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक असावा. १९४५ साली जगदीशचंद्र महिंद्र, कैलाशचंद्र महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पेढी पोलादाच्या व्यापारासाठी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ ते १९५५ गव्हर्नर जनरल होते. १९४८ मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. याच कंपनीने अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप मुंबईत जोडण्यास सुरुवात केली आणि ती खेडोपाडी पोहोचली. उंच बॉनेटची जी जीप आपल्याकडे जास्त दिसते, ती सीजे-३बी. तिचे २.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन उंच असल्याने बॉनेट वर उचलावे लागले.

आधी कागद, मग पाना

गाडीला हात लावण्यापूर्वी आरसी बुक पाहावे. चासी नंबर व इंजिन नंबर त्याच्याशी जुळले पाहिजेत. पुष्कळ जीपमध्ये मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलेले असते. त्याची नोंद आरटीओत नसेल तर पुढचे सर्व काम अडते. वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातील खासगी गाडी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो. त्याची नवी नोंदणी २०,००० रुपये आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरास किंवा भाड्याने चालविता येत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला गाडी वापरायची आहे की मिरवायची आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

घाई करू नये

बंद गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढायची आणि झटक्याने इंजिन फिरवायचे, ही पद्धत आपल्याकडे फार आहे. गंजाने पिस्टन धरलेला असेल तर असे केल्याने रिंगा तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. जाणते मिस्त्री प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडतात, दोन-तीन दिवस थांबतात आणि मग हँडलने हलक्या हाताने फिरवून पाहतात. तोवर जुने ऑइल काढावे, रेडिएटर धुवावा, एअर क्लीनरमधील उंदराचे घरटे साफ करावे, पॉइंट घासून घ्यावेत.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. जुने पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची जेट बंद करते. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगची घाई मुळीच करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ राहते आणि तिचा भडका कारागिराचा जीव घेऊ शकतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ज्या उसाच्या तोडीला आपल्या तालुक्यातील माणसे दरवर्षी घर सोडून जातात, त्याच उसापासून ते बनते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो व चिरतो. ते नवे, इथेनॉल सोसणारे घालावेत.

इंजिन बोलू लागले की सर्वांना आनंद होतो आणि ब्रेक विसरला जातो. या जीपला चारही चाकांसाठी एकच ब्रेक लाइन असते. एक नळी गळाली की पेडल खाली जाते. करंजी घाटात तेव्हा कोणी मदतीला येत नाही. म्हणून गाडी चालविण्याआधी ती थांबते की नाही हे पाहावे.

हुडाचे कापड

हा भाग आमच्या धंद्याचा, म्हणून अधिकाराने सांगतो. प्लॅस्टिकचा थर दिलेले कापड पाणी अडवते, पण घडीवर तडकते. जाड सुती कॅनव्हास जुन्या गाडीला शोभतो आणि टिकतो. मात्र तो कापण्यापूर्वी भिजवून वाळवून घ्यावा, नाहीतर पहिल्या पावसात हूड आखडतो आणि बटणे लागत नाहीत. शिलाईला सुती दोरा बरा. तो ओला झाला की फुगतो आणि सुईची भोके बुजतात.

मजुरीचा करार

भांडणे बहुतेक ठोक दरामुळे होतात. गाडी उघडल्यावर आतले नुकसान बाहेर येते. गिऱ्हाईक म्हणते ठरले तेवढेच देईन, आणि कारागीर पदरचे घालून काम संपवितो किंवा अर्धवट सोडतो. दोन्हींत नाव त्याचेच जाते. आमचे म्हणणे असे की, काम तीन टप्प्यांत ठरवावे. पहिला टप्पा फक्त उघडून पाहण्याचा, त्याची मजुरी वेगळी आणि आगाऊ. दुसरा टप्पा लेखी अंदाजाचा, ज्यात सुट्या भागांचे पैसे आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. तिसरा टप्पा कामाचा, आणि त्याचे पैसे काम पुढे सरकेल तसे घ्यावेत. काढलेले जुने भाग पिशवीत भरून मालकाला परत द्यावेत. ती त्याची अमानत आहे आणि आपल्या इमानदारीचा पुरावाही.

आपल्या कारागीर बांधवांच्या हातात हुनर आहे. त्याला वहीतल्या चार ओळींची जोड मिळाली तर बंद पडलेली जीप रस्त्यावर येईलच, शिवाय घामाची कमाईही पूर्ण घरी जाईल.