हवामानाचा गुरुवार, आरोग्याचा सोमवार

२०१० च्या उन्हाळ्यात अहमदाबादच्या एका मोठ्या रुग्णालयात नवजात बाळांना ताप येऊ लागला. तपासण्या झाल्या, पण जंतुसंसर्गाचा पत्ता लागेना. प्रसूतीचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता आणि वरचं छत दिवसभर उन्हात भाजून निघत होतं. पुढे वॉर्ड खालच्या मजल्यावर आणला. नंतरच्या वर्षांच्या नोंदी तपासल्यावर डॉक्टरांना दिसलं, की उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात दाखल कराव्या लागणाऱ्या बाळांचं प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी उतरलं होतं. शहराचं तापमान कुणी कमी केलेलं नव्हतं. तापमानाची नोंद आणि बाळांचे केसपेपर प्रथमच कुणीतरी एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले होते.

त्याच वर्षी २१ मे रोजी अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या काळात उष्माघाताचे मृत्यू म्हणून नोंदले गेलेले आकडे अगदी थोडे. नंतर अभ्यासकांनी महापालिकेच्या मृत्यू नोंदणीची पुस्तकं उघडली, २०१० च्या मे महिन्याची आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या मेशी तुलना केली, तेव्हा एकट्या त्या महिन्यात १३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे ४३ टक्के अधिक. ही माणसं गेली कशाने? दाखल्यांवर हृदयविकार असेल, मूत्रपिंड निकामी होणं असेल, वार्धक्य असेल. ऊन माणसाला बहुधा आधीच्या दुखण्याच्या आडून मारतं. म्हणूनच ते कागदावर येत नाही, आणि कागदावर नसलेल्या मरणासाठी कुठल्याच खात्याची बैठक बसत नाही.

अहमदाबादेत ती बसली. महापालिका, गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी मिळून २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा केला. देशातला, किंबहुना दक्षिण आशियातला तो पहिलाच. ४१ अंशांच्या वर पिवळा इशारा, ४३ च्या वर नारिंगी, ४५ ला लाल. रंग कुणीही ठरवू शकतं. या आराखड्यात रंगापुढे माणूस लिहिलेला होता, त्याचं महत्त्व मला जास्त वाटतं. इशारा आला की महापालिकेतला एक ठरावीक अधिकारी तो पुढे पोचवणार, रुग्णालयं बर्फाच्या पिशव्या आणि सलाईन हाताशी ठेवणार, रुग्णवाहिका सज्ज राहणार, बागा दुपारी उघड्या राहणार, बांधकामावरच्या कामाच्या वेळा बदलणार, वस्त्यांतल्या आरोग्यसेविका घरोघरी सांगणार. या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. आपल्याकडे नागपूर महापालिकेने २०१६ मध्ये असा आराखडा आणला, मग इतर शहरं आली.

अहमदाबादेच्या इशाऱ्यांच्या त्या तीन आकड्यांकडे जरा थांबून पाहायला हवं. ते त्या एका शहराचे आहेत. हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या मात्र देशभर सारखी आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंशांपर्यंत पोचलं, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक वर असलं, की लाट. हवेच्या दृष्टीने ही व्याख्या योग्यच आहे. पण माणसाचं शरीर कुठे हार मानतं हे ती सांगत नाही, तो तिचा विषयही नाही. ते सांगायला त्या गावातल्या मृत्यूंचा आणि रुग्णांचा हिशेब लागतो.

१६ एप्रिल २०२३ चा रविवार आठवा. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखोंचा समुदाय, डोक्यावर छप्पर नाही, वेळ भर दुपारची. कित्येक जण आदल्या रात्रीपासून येऊन बसलेले. उष्माघाताने १४ जण दगावले. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी नोंदलेलं तापमान होतं ३८ अंशांच्या आसपास. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला हा आकडा मार्चमधला वाटेल.

मग माणसं का गेली? वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत सावलीत टांगलेला असतो. मैदानात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर थेट ऊन असतं, खाली तापलेली जमीन असते आणि चारी बाजूंनी दुसरी माणसं असतात. त्यात खाडीकाठची दमट हवा. शरीर थंड होतं ते घाम आल्याने नव्हे, तर तो वाळल्याने. हवेत आधीच बाष्प असेल तर घाम नुसता ओघळतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांपलीकडे गेलं की मेंदू गोंधळतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, बेशुद्ध पडतो. त्यानंतरची पहिली काही मिनिटं मोलाची. अंगावर पाणी, बर्फ, वारा, जे मिळेल त्याने आधी थंड करायचं, मग हलवायचं. कोकणासाठी इशारा ठरवताना आर्द्रता, ऊन आणि जमावाचा अंदाज धरावा लागेल, विदर्भासाठी वेगळं काही. खारघरच्या घटनेनंतर सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावरच्या कार्यक्रमांना परवानगी न देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला, पण तो आला १४ चिता पेटल्यानंतर.

फ्रान्सने याहून मोठी किंमत मोजली. ऑगस्ट २००३ च्या लाटेत तिथे सुमारे १५ हजार जास्तीचे मृत्यू झाले, बहुतेक वृद्धांचे. हवामान खात्याला उकाडा दिसत होता, रुग्णालयांना गर्दी दिसत होती, पण दोन्ही मिळून कुणालाच चित्र दिसत नव्हतं. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या हवामान संस्थेने आणि सार्वजनिक आरोग्य संस्थेने एकत्र बसून दर जिल्ह्याची वेगळी मर्यादा काढली. त्यांनी फक्त दिवसाचा पारा धरला नाही, रात्रीचाही धरला. पॅरिससाठी तीन दिवसांची सरासरी दिवसा ३१ आणि रात्री २१ अंश झाली की धोका. आपल्याला ३१ अंश म्हणजे पंख्याखालचा दिवस वाटेल. पण पॅरिसचे म्हातारे कुठल्या आकड्याला मरतात हे त्यांनी नोंदींतून शोधलं होतं. २००६ च्या जुलैत पुन्हा मोठी लाट आली. जुन्या हिशेबाने साडेसहा हजारांच्या घरात जास्तीचे मृत्यू व्हायला हवे होते, झाले दोन हजारांच्या आसपास.

रात्रीचं तापमान हा आपल्या शहरांतला दुर्लक्षित आकडा आहे. पत्र्याच्या खोलीत राहणारा माणूस दिवसभर नाक्यावर काम करून येतो आणि रात्रीही त्याच्या शरीराला उसंत मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो कोसळतो, आणि त्या दिवशी कदाचित पारा उतरलेलाही असतो.

मग आपल्या हवामान आणि आरोग्य या दोन खात्यांची गाठ पडते कुठे? अडचणी अगदी साध्या ठिकाणी आहेत. हवामान खात्याचा पावसाचा आठवडा गुरुवारी सुरू होऊन बुधवारी संपतो, पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाजही गुरुवारी येतो. आरोग्य खात्याच्या साथरोग सर्वेक्षणाचा आठवडा सोमवार ते रविवार. हवामानशास्त्राच्या नकाशावर महाराष्ट्राचे चार तुकडे आहेत: गोव्यासह कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. आरोग्य खात्याची मंडळं आठ. आता जिल्हावार इशारे मिळतात, ही मोठी सुधारणा. पण डेंग्यूचा रुग्ण वॉर्डात सापडतो आणि पाऊस मोजला जातो अनेक शहरांत एखाद-दोनच ठिकाणी. दोन तक्ते जुळवायला बसलेल्या संशोधकाचे पहिले कित्येक दिवस तारखा आणि सीमा जुळवण्यातच जातात. हे काम कुणाच्याच नोकरीच्या वर्णनात नसतं.

असं एकत्र वाचन आपल्या भूमीला नवीन नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी पंजाबात मलेरियाच्या साथीचा आगाऊ अंदाज बांधत. जुलै-ऑगस्टचा पाऊस, मुलांच्या वाढलेल्या प्लीहेचं प्रमाण आणि धान्याचे भाव, असं सगळं जुळवून कुठल्या भागात शरद ऋतूत साथ भडकेल हे सांगितलं जाई. धान्याचा भाव त्यात का? उपाशी माणूस तापाला लवकर बळी पडतो, म्हणून. संगणक नसलेल्या काळातल्या त्या आरोग्य अधिकाऱ्यांना हवा, पोट आणि ताप हे एकाच हिशेबात मांडावेत असं वाटलं, याचा मला आदर वाटतो.

आजचं त्याच जातीचं काम पुण्यात झालं आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी पुण्यातल्या डेंग्यूच्या मृत्यूंची हवामानाशी सांगड घातली. २०२५ च्या जानेवारीत तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात २७ अंशांच्या वर तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि बेताचा, रोज थोडा-थोडा पडणारा पाऊस हा डासाला मानवतो. आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळला तर उलट अंडी-अळ्या वाहून जातात. म्हणजे ‘पाऊस जास्त, डेंग्यू जास्त’ हा आपला घरगुती समज अपुरा आहे. संततधारेच्या आठवड्यापेक्षा ऊन-पावसाचा लपंडाव अधिक धोक्याचा. या नात्यांच्या आधारे दोन महिन्यांहून अधिक आधी सूचना देता येते, असं ते दाखवतात. दोन महिन्यांत काय होत नाही? कुंड्या, टायर, बांधकामावरच्या टाक्या तपासता येतात, प्लेटलेटची सोय करता येते, फवारणी कुठे वाया घालवायची नाही तेही ठरवता येतं. आरोग्य विभागांनी रुग्णांची माहिती दिली तर इतर जिल्ह्यांसाठीही हे करता येईल, असं या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे सांगितलं आहे. पुण्यात ते जमलं कारण तिथल्या मृत्यूंच्या नोंदी त्यांच्या हाती आल्या.

रुग्णाचं नाव-गाव कुणी मागत नाही. तारीख, वॉर्ड, वय, निदान एवढं पुरतं. तरी साथीचे आकडे म्हणजे बदनामी, ही भीती आपल्या कार्यालयांत खोल रुजली आहे. डेंग्यूचे रुग्ण लपवल्याने डास कमी होत नाहीत. अंदाज मात्र चुकतो, आणि चुकलेल्या अंदाजाचं खापर मग वेधशाळेवर फुटतं.

जिथे संकट डोळ्यांना दिसतं तिथे आपण बरे वागतो, हेही नोंदवायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाठोपाठ ऑगस्टमध्ये लेप्टोची साथ आली. उंदरांच्या मूत्रातले जंतू तुंबलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शिरतात, आणि ताप यायला साधारण एक-दोन आठवडे जातात. हा मधला काळ म्हणजे मिळालेली सवड. मुंबई महापालिका आता दर मोठ्या पावसानंतर सांगते, की साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी. पाऊस, दिवस, गोळी, दवाखाना अशी ती साखळी बसली आहे. उन्हाला पूर येत नाही, पाणी तुंबत नाही, छायाचित्र निघत नाही, म्हणून त्याची साखळी बसवायला जास्त आग्रह धरावा लागतो.

तो आग्रह मी एका ठिकाणी धरीन. राज्यातल्या प्रत्येक महापालिकेत मृत्यूची नोंद रोज होते, आणि शहराचं किंवा जवळच्या केंद्राचं कमाल-किमान तापमान हवामान खात्याकडे तारखेनिशी आहे. मागच्या दहा-पंधरा उन्हाळ्यांची ही दोन पुस्तकं समोरासमोर ठेवली, तर सोलापूरचा आकडा कुठला, जळगावचा कुठला आणि ठाण्याचा दमट हवेतला कुठला, हे एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातला सामुदायिक आरोग्य विभागही काढू शकेल. मग त्या आकड्यापुढे नावं लिहायची: इशारा कुठल्या अधिकाऱ्याने कुणाला पाठवायचा, कुठल्या मुकादमाने काम थांबवायचं आणि त्या दिवसाची मजुरी कोण भरणार, आशाताईंनी कुठल्या एकट्या म्हाताऱ्यांची दारं ठोठावायची. मजुरीचा प्रश्न सोडवल्याशिवाय ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ हा सल्ला रोजंदारीवरच्या माणसाला देणं मला क्रूर वाटतं.

या कामाला जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन महिने हातात असतात. मार्चमध्ये विदर्भात पारा चढू लागला, की तहसीलदारापासून आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत सगळे टंचाई आणि टँकरमध्ये गुंततात, आणि जुनी पुस्तकं उघडायला कुणाला वेळ उरत नाही.