दक्षिणमेरूपासून दक्षिणकैलासापर्यंत

वाळवंट या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक मारवाडचे वाळवंट. तेथे पाणी नाही म्हणून वाळू आहे. दुसरे चंद्रभागेचे वाळवंट. तेथे पाणी येऊन जाते म्हणून वाळू आहे. या दुसऱ्या जातीचे वाळवंट ओलांडून पर्वताचे दर्शन घ्यावयाचे असेल, तर तंजावर शहराच्या उत्तरेस सुमारे 12-13 किलोमीटरांवर असलेल्या तिरुवैयारु या गावी जावे.

हे ऐकून तंजावर पाहिलेल्या श्रोत्यांस हसू येईल. तो कावेरीचा त्रिभुज प्रदेश. दृष्टी पोहोचेल तेथवर भाताची खाचरे, मधूनमधून नारळी आणि केळी. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसास तेथे उभे राहिले असता क्षितिज रिकामे वाटते. परंतु ज्या भूमीला डोंगर नाही, तिलाच डोंगराची ओढ अधिक असते. राजराज चोळाने 1010 साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या विमानास ‘दक्षिणमेरू’ म्हटले गेले. 60 मीटरांहून उंच असा हा ग्रॅनाइटचा मेरू. त्या गाळाच्या जमिनीत असा दगड मिळत नाही, तो सारा बाहेरून आणावा लागला. आणि तिरुवैयारुच्या मंदिरात तर कैलास आहे. मेरूपासून कैलासापर्यंतची वाट तेथे एका सकाळच्या पायपिटीची आहे. ती मोटारीने अर्ध्या घटकेत उरकू नये. पायी चालावी, एवढेच आजच्या भाषणाचे सांगणे आहे.

निघण्यापूर्वी बृहदीश्वराच्या प्राकारातील मराठी शिलालेख पाहून घ्यावा. सरफोजी राजांच्या कारकीर्दीत, 1803 साली, भोसले वंशाचा इतिहास तेथे भिंतीवर कोरला गेला. मराठ्यांचे राज्य तंजावरास 1676 पासून 1855 पर्यंत टिकले. त्या राज्यातील मराठीलाही डोंगराची ओढ होतीच. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरात राहणारी कुरत्ती येते, आपल्या पर्वताचे वर्णन करते आणि हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’त ही डोंगरकन्या साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगते, आणि तोही मराठीत.

आता वाटेला लागू. तिरु म्हणजे श्री, ऐ म्हणजे पाच आणि आरु म्हणजे नदी. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी, अशा पाच नद्या याच क्रमाने ओलांडाव्या लागतात. मोटारीतून जाणाऱ्याच्या लेखी ते पाच पूल असतात. पायी जाणाऱ्यास मात्र प्रत्येक पुलावर थांबता येते, आणि मग ध्यानात येते की या पाच नद्या नव्हेत. एकाच कावेरीचे हे पाच हात आहेत. पश्चिमेस कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरी आणि वेण्णारु वेगळ्या होतात. पुढे वेण्णारुतून वडवारु व वेट्टारु फुटतात, कावेरीतून कुडमुरुट्टी. उतार इतका मंद की पाण्याला कोठे जावे हे जणू सांगावे लागते.

गावात पंचनदीश्वराचे, म्हणजे ऐयारप्पराचे, विस्तीर्ण मंदिर आहे. त्याच्या आवारात दोन कैलास आहेत. उत्तरकैलास राजराजाची राणी लोकमहादेवी हिने उभारला. दक्षिणकैलास राजेंद्र चोळाची राणी पंचवन्महादेवी हिच्या नावाशी जोडलेला आहे. प्राकारात एका ठिकाणी हाक मारली असता सात वेळा प्रतिध्वनी उठतो, असे लोक सांगतात. डोंगर नसलेल्या गावी डोंगराचा हा एक गुण तरी राखून ठेवलेला आहे.

परंतु कैलास येथे आला कसा? त्याची कथा बाराव्या शतकातील ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथात आहे. सातव्या शतकातील शैव संत तिरुनावुक्करसर, ज्यांना प्रेमाने अप्पर म्हणतात, ते वृद्धपणी कैलासदर्शनास पायी निघाले. काशी मागे पडली. पाय झिजले, तेव्हा ते हातांवर सरकू लागले. मग छातीवर. तेव्हा एका तपस्व्याच्या रूपाने शंकर भेटले आणि म्हणाले, मागे फीर. अप्परांनी ऐकले नाही. शेवटी जवळच्या सरोवरात बुडी घेण्याची आज्ञा झाली. अप्पर बुडाले ते उत्तरेत. वर आले ते तिरुवैयारुच्या तळ्यात. काठावर त्यांना हत्तीची जोडी दिसली, पक्ष्यांच्या जोड्या दिसल्या, आणि त्या प्रत्येक जोडीत शिवशक्ती दिसली. तेच कैलासदर्शन. आजही आषाढातील तमिळ अमावास्येला तेथे त्याचा उत्सव होतो.

तिबेटातील प्रत्यक्ष कैलास 6638 मीटर उंच आहे. सभोवार उघडे, कोरडे, थंड पठार आणि सुमारे 52 किलोमीटरांची परिक्रमा. त्या वाटेवर निघालेल्या माणसाला जे शेवटी दिसले, ते गावच्या तळ्याकाठी रोज दिसणारे प्राणी होते. मात्र चालून झिजल्यावाचून ते तसे दिसले नसते. कथेचे मर्म येथे आहे असे वाटते.

चालण्याची ही परंपरा तिरुवैयारुने सोडलेली नाही. तमिळ चैत्रात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, सप्तस्थान उत्सव भरतो. नंदीचे लग्न झाले, म्हणून ऐयारप्पराची पालखी त्याला घेऊन सभोवारच्या सहा गावांना जाते. लग्नाचा शिधा या गावांनी दिला, असे लोक मानतात: पळनम्‌ने फळे, चोट्रुत्तुरैने भात, वेदिकुडीने वेदपाठी, कंडियूरने दागिने, पूंतुरुत्तीने फुले, आणि नेय्तानम्‌ने तूप. वारीत वाढलेल्या मराठी मनास ही दिंडी परकी वाटणार नाही. तंजावराहून येणाऱ्या वाटेवरच कंडियूर लागते. म्हणजे सातांपैकी एक स्थान सहज घडते.

मंदिराजवळच कावेरीचा पुष्यमंडप घाट आहे. नदीकाठी पुढे त्यागराजांची समाधी. जन्म 1767, निर्वाण 1847; म्हणजे त्यांचे बहुतेक सारे गायन मराठी राजांच्या अमलात झाले, पण दरबाराबाहेर. बंगळूर नागरत्नम्मा यांनी 1920 च्या दशकात स्वतःच्या पैशाने तेथे स्मारक बांधविले. त्यांची समाधीही तेथेच आहे. पौष वद्य पंचमीस आराधनेच्या दिवशी शेकडो गायक एकत्र बसून पंचरत्न कीर्तने गातात.

आराधनेच्या सुमारास, जानेवारीत, घाटापाशी बहुधा पाणी असते. सप्तस्थानाच्या वेळी वाळू. कारण 1934 साली पूर्ण झालेले मेट्टूर धरण 12 जूनला उघडावे आणि 28 जानेवारीस मिटावे, अशी रीत आहे. ती नेहमी पाळता येत नाही. 2012 ते 2019 अशी सलग 8 वर्षे धरण 12 जूनला उघडता आले नाही, आणि कुरुवै म्हणजे पहिल्या भातपिकाची वाट पाहणारी खाचरे कोरडी राहिली. अशा वेळी घाटावर उभे राहिले असता पुढे पसरलेली वाळू निर्जीव वाटते. ती तशी नसते. पुराचे पाणी तीच पोटात धरून ठेवते, आणि काठच्या विहिरींना उन्हाळाभर पुरविते. आपल्याकडे नदीत झिरे खणणाऱ्या बायाबापड्यांना हे ठाऊक आहे. म्हणून ही वाळू उपसून नेली, की नदीबरोबर विहिरीही आटतात. चंद्रभागेच्या जातीचे वाळवंट मारवाडच्या जातीचे व्हावयास फार काळ लागत नाही.

जावयाचे तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, पहाटे निघून. दुपारी देवळे मिटतात. उन्हे चढण्यापूर्वी कैलास गाठावा. मुगाच्या डाळीचा अशोका हलवा हा या गावचा प्रसिद्ध पदार्थ; चालून आलेल्यास तो अधिक गोड लागतो. परतीच्या वाटेवर खाचरांच्या पलीकडे दक्षिणमेरू दिसू लागेल. सकाळी तो केवळ एक उंच देऊळ होता. पाच नद्या चालून आलेल्यास तो पर्वत दिसेल.