बूच, पोलाद आणि पीळ

कॉर्कस्क्रू म्हणजे बाटलीच्या तोंडात घट्ट बसवलेले बूच ओढून काढण्याचे मळसूत्र. बंदुकीच्या नळीत अडकलेली गोळी बाहेर काढण्याच्या पोलादी पिळापासून ते निघाले असावे, असे मानले जाते. इंग्लंडमध्ये नेहेमाया ग्रू यांनी १६८१ साली रॉयल सोसायटीच्या संग्रहाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात बुचे काढण्याच्या अशा पोलादी पिळाचा उल्लेख सापडतो. पुढे द्राक्षमद्याच्या बाटल्या आडव्या ठेवून मुरवण्याची पद्धत रुळली आणि बूच काठापर्यंत आत ठोकले जाऊ लागले, तेव्हा हे हत्यार अपरिहार्य झाले.

या हत्याराचा प्राण त्याच्या पिळात असतो. तारेला वेढे देऊन केलेल्या पिळाचा मध्य पोकळ राहतो, त्यामुळे तो बुचाचा गाभा न फोडता त्यात शिरतो. उलट भरीव दांड्यावर रुंद आटे पाडलेला पीळ मधोमध भोक पाडत जातो आणि जुने, ठिसूळ झालेले बूच त्याने अनेकदा चुरते.

तरीही नुसता पीळ पुरत नाही, कारण बूच काचेला चिकटलेले असते. ही अडचण ओळखली ती ऑक्सफर्डमध्ये शिकलेले धर्मोपदेशक सॅम्युएल हेनशल यांनी. १७९५ साली त्यांना मिळालेले पेटंट हे कॉर्कस्क्रूचे पहिले पेटंट होय, आणि जेम्स वॅट यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांच्याकडे बर्मिंगहॅमला ही हत्यारे तयार झाली. हेनशल यांनी पिळाच्या वर धातूची एक लहान चकती बसवली. ती बुचावर टेकली की पीळ आणखी खाली जात नाही, मूठ फिरवत राहिल्यास बूचच फिरू लागते आणि काचेवरची त्याची पकड सुटते. इतक्या साध्या भागाने इतके मोठे काम साधावे, ही या कारागिरीतली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

बर्मिंगहॅमच्याच एडवर्ड थॉमसन यांनी १८०२ साली एकात एक बसणाऱ्या दोन मळसूत्रांची रचना केली. तिच्यात मूठ एकाच दिशेने फिरवत राहिले असता पीळ आत शिरतो आणि मग बूच वर येते, तर उलट फिरवल्यावर ते हात न लावता सुटते. पितळी नळकांड्यावरची नक्षी, हाडाची मूठ आणि बाटलीच्या तोंडावरची धूळ झाडण्यासाठी तिच्या टोकाला बसवलेला छोटा ब्रश यांमुळे ही हत्यारे आज संग्राहकांना मोह घालतात. जर्मनीतल्या कार्ल वीन्के यांनी १८८२ साली पेटंट घेतलेले, तरफेवर चालणारे घडीचे रूप मात्र अजूनही वाढप्यांच्या खिशात असते.

जुन्या कॉर्कस्क्रूची पारख करताना मुठीआधी पिळाचे टोक पाहावे; ते मोडलेले असेल, तर चांदीच्या मुठीनेही ती उणीव भरून निघत नाही.