आधी लँड बदला, मग बाकीची पानं

‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळाच्या ‘फायनल फँटसी’ संचाने एका दिवसात वीस कोटी डॉलरची विक्री केल्याचं हॅस्ब्रोच्या प्रमुखांनी जाहीर केलं, तेव्हा चर्चा पैशांचीच झाली. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या संचाला तेवढ्यासाठी सहा महिने लागले होते. पण १३ जून २०२५ ला या संचाबरोबर ‘कमांडर’ या प्रकारासाठीचे (एक म्होरक्या पान आणि सोबत नव्याण्णव) चार तयार डेकही आले. अशा डेकने चार-दोन डाव हरलेला खेळाडू ठरलेला प्रश्न विचारतो : यात कोणती महागडी पानं घालू? माझ्या मते सुरुवात इथेच चुकते.

चारपैकी ‘लिमिट ब्रेक’ घ्या. त्याचा कमांडर क्लाउड पाच मानाचा (माना म्हणजे पान उतरवायची किंमत), लाल-हिरवा-पांढरा. मैदानात येताच तो एखादं शस्त्र स्वतःला जोडून घेतो. हल्ला करताना जितके शस्त्रधारी हल्लेखोर, तितकी पानं मिळतात. आता ‘कोलोसस हॅमर’ बघा. उतरवायला एक माना, पण कुणाच्या हाती द्यायचा तर आठ. क्लाउडला तो फुकटात मिळतो. त्याची स्वतःची ताकद चार, हातोड्याची दहा. कमांडरच्या एकवीस नुकसानाने माणूस बाद होतो, म्हणजे दोन घावांत काम तमाम. हे वाचूनच हात शिवशिवतात.

फक्त तो हातोडा हातात यायला हवा. नव्याण्णव पानांत एकच प्रत असल्यावर पहिल्या सात पानांत ती येण्याची शक्यता जेमतेम सात टक्के. तेच एका कामाची, एकमेकांच्या जागी चालणारी दहा पानं ठेवली, तर त्यातलं किमान एक पहिल्याच हातात येण्याची शक्यता चौपन्न टक्क्यांच्या आसपास जाते. तयार डेक आणि स्पर्धेचा डेक यांतलं खरं अंतर या दोन आकड्यांत आहे. तयार डेकमध्ये थोडं सगळंच असतं. शस्त्रं असतात, सात ताकदीचे दांडगे प्राणी असतात, टिफासारखा दुसरा कमांडरही असतो. गिऱ्हाइकाला सगळं चाखायला मिळावं म्हणून हे ठीकच आहे. जिंकायचं असेल तर एक धागा धरावा आणि दुसरा निर्दयपणे कापावा.

पण त्याच्याही आधी लँड, म्हणजे माना देणारी पानं. इथे मी फ्रँक कार्स्टन यांचं बोट धरतो. हा डच खेळाडू मॅजिकच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे, शिवाय डॉक्टरेट मिळवलेला गणिती आहे. एखादं पान वेळेवर उतरवायचं तर त्या रंगाची माना देणारी किती पानं लागतात, याचे त्यांनी काढलेले तक्ते मला या खेळावरच्या सगळ्या लिखाणात सर्वांत उपयोगी वाटतात. पहिल्याच फेरीत एका रंगाचं एक मानाचं पान खात्रीने खेळायचं, तर साठ पानांच्या डेकमध्ये असे चौदा स्रोत हवेत आणि कमांडरच्या नव्याण्णव पानांत एकोणीस. तिन्ही रंगांना पहिल्या फेरीपासून हा निकष लावला तर सत्तावन्न होतात. डेकमध्ये लँड असतात सदतीसच्या आसपास. प्रत्यक्षात तिन्ही रंग इतक्या लवकर लागत नाहीत, तरी दोन-दोन रंग देणाऱ्या लँडशिवाय गत्यंतर नाही हे उघड आहे. तयार डेकमध्ये अशा लँड असतात, पण बऱ्याच टॅप्ड, म्हणजे त्या फेरीत निकामी, उतरतात आणि दर वेळी अर्धी फेरी खातात. ‘सेक्रेड फाउंड्री’, ‘स्टॉम्पिंग ग्राउंड’, ‘टेंपल गार्डन’ या दोन जीव देऊन लगेच वापरता येतात. चाळीस जिवांच्या खेळात दोन जीव म्हणजे काहीच नाही. पहिला पैसा इथे घालावा.

दुसरा पैसा शोधून आणणाऱ्या पानांवर, कारण एकच प्रत ठेवण्याच्या नियमात ती पानं दुसऱ्या प्रतीचं काम करतात. ‘स्टोनफोर्ज मिस्टिक’ दोन मानात येते आणि डेकमधून हवं ते शस्त्र हातात आणून देते. हे पान इतकं जबर की १ जुलै २०११ पासून ‘स्टँडर्ड’ या दुसऱ्या प्रकाराच्या स्पर्धांत त्यावर बंदी आली. अडचण अशी, की दुकानात विकल्या जाणाऱ्या ‘वॉर ऑफ अॅट्रिशन’ या तयार डेकमध्ये त्याच्या दोन प्रती होत्या. मग अपवाद केला गेला : तो डेक जसाच्या तसा खेळलात तर चालेल, एक पान जरी बदललं तरी मिस्टिक बाद. तयार डेक सुधारणंच नियमाने महाग पडावं, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. ग्राहकाला फसवलं गेल्याची भावना होऊ न देणारा तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मॅजिक बनवणाऱ्या विझर्ड्सने कमांडरसाठी पाच पायऱ्या जाहीर केल्या. त्यात सर्वसाधारण तयार डेक दुसऱ्या पायरीवर होता, तर तिसरीचं नावच ‘अपग्रेडेड’. तिथे डाव फिरवणाऱ्या पानांच्या ‘गेम चेंजर’ यादीतली जास्तीत जास्त तीन पानं चालतात. नवखे खेळाडू ती तीन पानं आधी विकत घेतात, हे पाहून वाईट वाटतं. लँड अडल्या तर ती हातातच कुजतात.

पाचवी, खऱ्या चुरशीची पायरी मात्र वेगळी. तिथे निळ्या-काळ्या डेकमधली ‘थासाज ऑरॅकल’ आणि ‘डेमॉनिक कन्सल्टेशन’ ही जोडी तीन मानात डाव संपवते. क्लाउडकडे ते रंगच नाहीत आणि तो स्वतः पाच मानाचा. त्याच्यावर पाचव्या पायरीसाठी पैसे ओतू नयेत. तिथे जायचं तर कमांडरपासूनच नवा डेक बांधावा. तिसऱ्या पायरीवर, लँड सुधारून आणि शस्त्रांचा एकच धागा धरून, क्लाउड कुणाशीही टक्कर देऊ शकतो.