घर आपले, अट बाहेरची

मामूंच्या इंतकालनंतर घराच्या वाटणीची वेळ आली. वारस दोन भाऊ आणि एक बहीण. शरीअतप्रमाणे पाच हिस्से: दोन, दोन आणि एक. हिशोब सोपा होता; अडले ते किमतीवर. औरंगाबादेतले हे जुने घर बीबी का मकबऱ्याच्या हद्दीपासून शंभर मीटरच्या आत. घर ठेवून घेणारे भाऊ म्हणाले, "इथे बांधकामच करता येत नाही, मग किंमत कसली?" बहीण गप्प बसली. शेवटी आम्ही नातेवाइकांनी मूल्यांकनकाराला बोलावले.

प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती झाली. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. घराच्या खरेदीखतात यातली एक ओळही नसते. अट बाहेरची, पण किंमत आपल्या घराची घटते.

ती का घटते? खरेदीदार दोन गोष्टींचे पैसे मोजतो: उभ्या घराचे आणि पुढे चढवता येणाऱ्या मजल्यांचे. अटीमुळे दुसरी गोष्ट जाते, पहिली राहते. घरात राहता येते, भाडे मिळते, रीतसर परवानगी काढून जुन्या घराची दुरुस्तीही करता येते. म्हणजे किंमत कमी होते, शून्य होत नाही.

मूल्यांकनकाराने आणखी एक चूक दाखवली. समजा, याच पट्ट्यातले तसेच घर 30 लाखांना विकले गेले आणि पट्ट्याबाहेरचे 50 लाखांना. 30 लाखांत अटीची घट आधीच आलेली आहे. त्यातून पुन्हा वजावट केली, तर बहिणीचा 6 लाखांचा हिस्सा विनाकारण कमी होतो. उलट 50 लाख धरले, तर भावांवर अन्याय. रेडी रेकनरवरही डोळे झाकून विसंबू नये. तो दर मुद्रांक शुल्कासाठी विभागवार ठरतो, एकेका घराची अडचण त्याला ठाऊक नसते.

अहवाल तिघांसमोर वाचला गेला. महिन्याभरात बहिणीच्या हाती चेक आला. ईदला ती माहेरी आली, त्याच घरात.

आपल्याकडे हिस्से सांगणारे पुष्कळ भेटतात. हिस्सा कशाचा, हेही लेखी ठरवून घ्यावे. हक्क बहुधा तिथेच बुडतो.