सार्वजनिक वाहन कोणाच्या हातीं असावें?

आगगाडी किंवा मोटार सरकारनें चालवावी कीं खाजगी कंपनीनें, हा वाद जुना आहे. त्याचा विचार करण्यास आम्हां वऱ्हाडकरांस दूर जावयास नको. आपली ‘शकुंतला’ गाडी पुरे आहे.

अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापुराहून या अरुंद लोहमार्गाचे दोन फांटे निघतात. एक दर्यापूर, अंजनगांव यांवरून अचलपुरास जातो. दुसरा कारंजा, दारव्हा यांवरून यवतमाळास. लांबी अनुक्रमें सुमारें ७६ व ११३ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेस लावावा म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हे मार्ग झाले. ते किलिक-निक्सन या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे. गाड्या मात्र जी. आय. पी. रेल्वेनें चालवावयाच्या, असा करार होता. जेथें बैलगाडीवांचून गति नव्हती तेथें रूळ आले, हें खाजगी भांडवलाचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं.

१९२५ सालीं जी. आय. पी.चा कारभार सरकारकडे आला व १९५१ सालीं ती मध्य रेल्वेंत विलीन झाली. शकुंतलेची मालकी तरीही कंपनीकडेच राहिली. १९२१ सालीं मँचेस्टरास घडलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढीत होतें. गाडी चालविणारा एक, मार्गाचा मालक दुसरा. मग रूळ कोणीं बदलावे? दुरुस्तीचा खर्च व कंपनीचा वांटा यांचा वाद मिटेना. गाडीचा वेग मंदावत गेला आणि शेवटीं ती बंद पडली. स्वस्त भाड्यानें बाजारास जाणारा मजूर मात्र उघड्यावर पडला.

आतां सडकेकडे पाहूं. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. सुरू झाली. १९५६ सालीं वऱ्हाड मुंबई राज्यांत आल्यावर इकडील सरकारी मोटारीही त्याच व्यवस्थेंत आल्या. खाजगी मोटारवाला उतारू जेथें अधिक तेथें धांवतो; एस. टी.स आडगांवींही जावें लागतें. भरल्या मार्गाच्या उत्पन्नांतून रिकाम्या मार्गाची तूट भरावी, हें तिचें गणित. तें नेहमीं जुळतेंच असें नाहीं. तोटा साचतो व जुन्या गाड्या वाटेंत अडतात.

तेव्हां केवळ ‘सरकारी’ वा ‘खाजगी’ या नांवानें निकाल लागत नाहीं. दुरुस्ती कोण करील, तूट कोण सोशील व उतारूची दाद कोण घेईल, हें आधीं ठरलें पाहिजे. विद्यार्थिमित्रहो, शकुंतलेनें प्रवास केलेले वडीलधारे घरीं असतील, तर त्यांस तिच्याविषयीं अवश्य विचारा. गाडी गेल्यानें काय गेलें, हें त्यांच्याइतकें कोणीही सांगूं शकणार नाहीं.